दोन बिघे, दोन रुपये

१९७६ सालची गोष्ट. गुजरातेत गावोगावचे शेतकरी ट्रक आणि बैलगाड्या भरभरून थिएटरांकडे निघाले होते. सिनेमा नवा होता, पण ओढ निव्वळ सिनेमाची नव्हती. त्या सिनेमाचे निर्माते ते स्वतःच होते. सहकारी दूध संघाच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले, १० लाख रुपये उभे राहिले आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ तयार झाला. श्रेयनामावलीत निर्माता म्हणून कुणा शेटजींचं नाव येत नाही. गुजरातचे पाच लाख शेतकरी, एवढंच येतं. आपल्या पैशाने काढलेला, आपल्याच हलाखीवरचा सिनेमा बघायला माणसं वर पुन्हा तिकीट काढून गेली.

गरिबीवरचे अभिजात चित्रपट समाजाला जोडतात, असं वाक्य चित्रपट महोत्सवांच्या उद्घाटनात हमखास ऐकू येतं. ऐकणारे माना डोलावतात, दिवे मालवतात, पडद्यावर कुणीतरी उपाशी मरतं, पुढच्या रांगेत रुमाल निघतात आणि दिवे लागल्यावर जो तो आपापल्या गाडीकडे जातो. या रुमालांनी कोण कुणाशी जोडलं गेलं? रडू खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण हळहळ ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. बघणारा वरच राहतो आणि पडद्यावरचा खालीच. गेल्या शंभर वर्षांतले या जातीचे सिनेमे ओळीने पाहिले, तर त्यातले खरोखर जोडणारे सिनेमे वेगळे निघतात. गरीब किती गरीब आहे हे मोजत न बसता त्याच्या शेजारी कोण उभं राहिलं, आणि कोण राहिलं नाही, हे ते दाखवतात.

सुरुवात कोल्हापुरापासून करायला हवी. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं नि वह्या जाळल्या होत्या. इंग्रज सरकारने त्यावर चौकशी नेमली, १८७९ साली कायदा केला, तरी सावकारीचा फास सुटला नाही. त्या उठावाला बरोबर ५० वर्षं झाली तेव्हा, १९२५ मध्ये, बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. पौराणिक नि ऐतिहासिक चित्रपटांचा तो जमाना. या चित्रपटात मात्र देव नाही, मावळे नाहीत. आहे तो जमीन सावकाराच्या घशात गेलेला, पोट भरायला शहरातल्या गिरणीत लोटला गेलेला शेतकरी. तरुण शेतकऱ्याचं काम शांताराम वणकुद्रे नावाच्या पोराने केलं. पुढे सारा देश त्याला व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला. चित्रपटाची प्रत आज कुठेच उरलेली नाही. पण निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना त्यातली काळोखी झोपडी आणि रडणारं कुत्रं अनेक वर्षांनंतरही आठवत होतं. मूकपटातलं कुत्र्याचं रडणं आठवत राहावं, ही पेंटरांना मिळालेली मोठी दाद. पेंटरांनी १९३६ साली हीच कथा पुन्हा, बोलपटाच्या रूपात केली. अकरा वर्षांत विषय शिळा झाला नव्हता.

दुष्काळ आणि युद्ध यांमुळे हा प्रवाह फोफावला. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात अंदाजे २० ते ३० लाख माणसं मेली. त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला. बलराज साहनी, ख्वाजा अहमद अब्बास, शंभू मित्र, आणि आपल्याकडचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख ही सगळी त्याच मांडवाखालची माणसं. इप्टाने काढलेला एक चित्रपट म्हणजे अब्बास यांचा ‘धरती के लाल’, १९४६ चा. बंगाली शेतकऱ्यांचं एक कुटुंब जमीन गमावून कलकत्त्याच्या फुटपाथवर येतं, भीक मागतं, फुटतं, उरलेले पुन्हा गावाकडे परततात आणि सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून कसायला लागतात. शेवट सोव्हिएत पुस्तकातून उचलल्यासारखा वाटतो, हे मान्य. पण गर्दीच्या दृश्यांत दिसणारे चेहरे पुस्तकी नाहीत. बंगालच्या भुकेल्यांची ती रांग उभी करायला धुळ्याकडचे किसान सभेचे शेतकरी आले होते. खानदेशातला कुणबी बंगालच्या दुष्काळग्रस्ताच्या जागी उभा राहिला, तेही कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच येऊन. एकजूट या शब्दाचा याहून ठोस अर्थ सांगणं अवघड आहे. हे धुळं लक्षात ठेवावं. पुढे ते पुन्हा येणार आहे.

त्याच साली चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ आला आणि पहिल्याच कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. मायदेशात मात्र त्याला धड प्रदर्शनही लाभलं नाही. गोष्ट साधी आहे. डोंगरावर राहणारा सरकार नावाचा धनिक नवी घरं बांधण्यासाठी गटाराचा प्रवाह खालच्या वस्तीकडे वळवतो. पाणी नासतं, रोगराई पसरते. मग तोच दानशूर होऊन वस्तीत दवाखाना काढतो. वस्ती ठरवते की या दवाखान्याची पायरी चढायची नाही. त्या निर्धारापायी नायकाची बहीण औषधावाचून मरते. आज पाहताना हा भाग बोचतो. हट्ट एवढा ताणावा का, असंही वाटतं. पण दिग्दर्शकाने एक गोष्ट नेमकी हेरली होती. गटार सोडणारा हात आणि औषध देणारा हात एकाच माणसाचे असतात, तेव्हा उपकार नाकारायलाही सगळ्यांनी मिळूनच उभं राहावं लागतं.

इकडे हे चाललं असताना तिकडे युद्धाने खिळखिळ्या झालेल्या रोममध्ये व्हित्तोरिओ द सिका एका माणसाची हरवलेली सायकल शोधत होता. ‘बायसिकल थीव्ज’ १९४८ चा. बेकार अंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं. अट एकच, सायकल पाहिजे. ती गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी काढून गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते चादरींचं गाठोडं घेऊन छतापर्यंत गेलेल्या फळ्यांवर चढतो, तेव्हा दिसतं की तिथे तसली शेकडो गाठोडी आहेत. संवाद नाही, भाषण नाही. शहरातली किती घरं चादरीविना झोपतात, याची ती मोजदाद आहे. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि छोटा ब्रुनो पोलिसांकडे, कामगारांच्या सभेत, चर्चमध्ये, भविष्य सांगणाऱ्या बाईकडे, सगळीकडे जाऊन येतात. चोर सापडतो तेव्हा तोही तेवढाच कंगाल निघतो, आणि त्याची अख्खी गल्ली त्याच्या पाठीशी उभी राहते. शेवटी अंतोनिओ स्वतः एक सायकल उचलतो. लगेच गर्दी धावते, चापट्या मारते. पोराचं रडवेलं तोंड पाहून सायकलवाला तक्रार न करता त्याला सोडून देतो.

एका गर्दीने चोराला वाचवलं, दुसरीने चोराला झोडपलं, आणि दोन्हीकडे माणसं तीच, पोट हातावर असलेली. गरिबांची एकी आपोआप होत नाही, उलट गरीब एकमेकांविरुद्धच आधी उभे राहतात, हे सांगणारा हा सिनेमा आहे. अंतोनिओचं काम केलेला लांबेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातला कामगार. अमेरिकन निर्मात्याने पैसे देऊ केले होते, पण त्याला नायक म्हणून केरी ग्रांट हवा होता; द सिकाने नकार दिला. सिनेमा जगभर गाजला आणि माज्जोरानी कारखान्यात परतला, तर कामगारकपातीत त्याचीच नोकरी गेली. जगाने डोळे पुसले, पण त्याला पुन्हा कामावर कुणी घेतलं नाही.

१९५२ च्या सुरुवातीला मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला आणि मुंबईच्या सिनेमाची दिशा थोडी वळली. पाहणाऱ्यांत बिमल रॉय होते. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. कथा सलील चौधरींची, संगीतही त्यांचंच. पटकथा नि संकलन हृषीकेश मुखर्जींचं. १९५४ च्या कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं, फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं पारितोषिकही त्यालाच गेलं.

शंभू महातोची जमीन दोन बिघे. जमीनदाराला तिथे गिरणी उभी करायची आहे. शंभू विकत नाही म्हटल्यावर जमीनदार कर्ज मागतो. शंभूच्या हिशेबाने ते ६५ रुपये. खोट्या कागदांवर ते २३५ होतात. अंगठेबहाद्दर माणूस कोर्टात हरतो आणि तीन महिन्यांची मुदत घेऊन, मुलासह, कलकत्त्याला रिक्षा ओढायला जातो. त्याच्या म्हाताऱ्या बापाचं काम आपल्या नाना पळशीकरांनी केलं आहे. बलराज साहनी इंग्रजी वाङ्मयाचे पदवीधर, बीबीसीत नोकरी करून आलेले. खेडूत शंभू यांना पेलेल का, अशी कुजबुज होती. साहनींनी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढून पाहिली. तिथे त्यांना बिहारचा एक वयस्क रिक्षावाला भेटला. चित्रपटाची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याचीही दोन बिघेच जमीन होती, तीही जमीनदाराकडे गहाण, आणि ती सोडवायला तो १५ वर्षं रिक्षा ओढत होता. साहनींनी लिहून ठेवलं आहे की त्यानंतर अभिनयाच्या पद्धतींचा विचार त्यांनी सोडून दिला आणि त्या माणसाचा आत्मा आपल्या अंगात घेतला.

या चित्रपटातली गरिबी आठवणाऱ्यांना रिक्षाची ती जीवघेणी शर्यत आठवते, ज्यात गिऱ्हाईक जास्त पैशाचं आमिष दाखवत जातं आणि अखेर चाक निखळतं. पण जोडणारा सिनेमा कुठे आहे ते पाहायचं तर त्या कलकत्त्याच्या वस्तीत पाहावं. भाड्यासाठी तोंडाचा पट्टा सोडणारी घरमालकीण आतून मऊ निघते. आजारी म्हातारा रिक्षावाला आपली रिक्षा नवख्या शंभूच्या हाती देतो. बूटपॉलिश करणारा लालू उस्ताद, म्हणजे छोटा जगदीप, शंभूच्या पोराला धंद्याला लावतो. यातल्या कुणाकडे द्यायला फारसं काही नाही. जागा, ओळख, आजच्या दिवसाची रिक्षा, एवढंच. कायदा, कोर्ट, पोलीस यांच्यापैकी कुणी शंभूच्या बाजूला उभं राहत नाही. राहतात ते हेच. आणि तरीही जमीन जातेच. शेवटी कुंपणाबाहेरून शंभू आपल्या मातीची मूठ उचलतो, पहारेकरी हटकतो आणि ती मूठही खाली सोडावी लागते. वस्तीच्या मायेने जगणं सुसह्य होतं, सातबारा परत मिळत नाही, हे बिमलदांनी लपवलेलं नाही. म्हणून हा चित्रपट टिकला.

मे २०२० मध्ये टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेले मजूर पाहून अनेकांना शंभू आठवला. ८ मेच्या पहाटे जालना–औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचं छायाचित्र देशभर फिरलं. त्याच दिवसांत महामार्गांवरच्या गावांनी पिठलं-भाकरीच्या पंगती मांडल्या, हेही खरं. आणि काही गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले, हेही तितकंच खरं. द सिकाच्या त्या दोन गर्द्या पुन्हा दिसल्या म्हणायच्या.

असे सिनेमे सगळ्यांना रुचत होते असं मुळीच नाही. इटलीत द सिकाच्या ‘उंबेर्तो डी’वर ज्युलिओ आंद्रेओत्ती यांनी १९५२ साली जाहीर पत्र लिहून टीका केली. देशाची जगापुढे शोभा होते, असा त्यांचा सूर होता. आंद्रेओत्ती तेव्हा चित्रपटांचं सरकारी खातं सांभाळत होते, त्यामुळे तो सूर साधा नव्हता. मेक्सिकोत लुई बुन्युएलचा ‘लोस ओल्विदादोस’ काही दिवसांतच थिएटरांतून उतरवावा लागला होता. त्यातली झोपडपट्टीतली पोरं आंधळ्या भिकाऱ्याला दगड मारतात, आणि तो आंधळाही साधुपुरुष नसतो. गरीब तेवढा भला, ही समजूत बुन्युएलने ठोकरली. कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळाल्यावर मायदेशाचा राग थोडा निवळला. आपल्याकडे १९८० साली खासदार नर्गिस यांनी सत्यजित राय भारताची गरिबी परदेशात विकतात, असा आरोप केला. ‘मदर इंडिया’च्या नायिकेने तो करावा, हा त्यातला विनोद अनेकांनी तेव्हाच टिपला.

‘पथेर पांचाली’ची सरकारी बाजू तर जास्तच मजेशीर. पैसे संपल्यावर राय पश्चिम बंगाल सरकारकडे गेले. नावात ‘पथ’ होता, म्हणून ते अनुदान रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडलं. त्यातही, शेवटी हरिहरचं कुटुंब गाव सोडून न जाता सरकारच्या ग्रामविकास योजनेत सामील झालेलं दाखवावं, अशी सूचना आली. राय यांनी ती मानली नाही. मानली असती तर सामाजिक ऐक्याचा एक आदर्श सरकारी माहितीपट तयार झाला असता आणि तो आज कुणी पाहिला नसता. राय यांनी त्या जागी काय ठेवलं ते पाहण्यासारखं आहे. फळं चोरल्यावरून, मण्यांच्या माळेवरून हरिहरच्या मुलीला, दुर्गाला, नि तिच्या आईला टाकून बोललेली शेजारीण शेवटी फळं घेऊन निरोपाला येते आणि एकाच जागी वर्षानुवर्षं राहून माणसाचं मन कोतं होतं, आपलं तसंच झालं, अशी कबुली देते. दुर्गा तोवर गेलेली असते. ती कबुली उशिरा येते म्हणूनच खरी वाटते.

पण आजच्या दृष्टीने या सगळ्या यादीत अव्वल जागा कुणाला द्यायची, तर ती ‘जागते रहो’ला. १९५६ चा हा चित्रपट राज कपूरने काढला आणि दिग्दर्शन शंभू मित्र व अमित मैत्र या दोघांकडे दिलं. तेच शंभू मित्र, जे दहा वर्षांपूर्वी ‘धरती के लाल’मध्ये काम करत होते. कामाच्या शोधात कलकत्त्यात आलेला एक खेडूत रात्री तहानेने व्याकुळ होऊन एका मोठ्या इमारतीच्या आवारात नळाशी जातो. पहारेकरी चोर-चोर ओरडतो. सगळी इमारत जागी होते. लाठ्या निघतात, पथकं बनतात, कमिट्या होतात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे बिऱ्हाडकरू रात्रीत एक होतात, कारण त्यांना एक समान शत्रू मिळालेला असतो. खेडूत जीव वाचवायला या घरातून त्या घरात लपतो आणि त्याला दिसत जातं की खरे चोर घराघरांत आहेत. कुणी बायकोचे दागिने लांबवतो आहे, कुणी नकली नोटा छापतो आहे. अख्खा चित्रपट राज कपूर जवळपास मुका आहे, फक्त डोळ्यांनी बोलतो. पहाटे नर्गिस त्याच्या ओंजळीत पाणी ओतते. एक घोट पाण्यासाठी एवढी रात्र.

म्हणजे एकजूट हा शब्द उच्चारताच पवित्र मानायचं कारण नाही. जमावही एकजूटच असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारणारेही रानावनातले कष्टकरीच होते. १९४६ साली ज्या धुळे भागातले शेतकरी परक्या प्रांताच्या भुकेल्यांची सोंगं घेऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहिले, तोच हा भाग. तेव्हाचे लोक चांगले आणि आताचे वाईट, असा याचा अर्थ लावणं आळशीपणाचं होईल. १९४६ साली त्या शेतकऱ्यांना एकत्र आणणारी एक संघटना होती, सभा होत्या, माणसं घरोघरी येत होती. २०१८ साली खिशात एक फोन होता आणि त्यात एक व्हिडिओ.

जुन्या चित्रपटांत एक मोठी खोट आहे आणि ती झाकून चालणार नाही. शंभू महातोची जात त्या चित्रपटात कधी आडवी येत नाही. ‘श्री ४२०’च्या फुटपाथवर मराठमोळ्या ललिता पवारांच्या केळेवाल्या गंगामाईसकट सगळा भारत सुखाने नांदतो, कुणाच्या हातचं कुणाला चालत नाही, असं होत नाही. त्या काळच्या लेखक-दिग्दर्शकांना वर्ग दिसत होता, जात दिसूनही कथेत घ्यायची नव्हती. स्वातंत्र्य नवं होतं, सगळे एक आहोत असं म्हणण्याची निकड होती. त्यामुळे त्या चित्रपटांतली एकी थोडी स्वस्तात मिळालेली आहे.

तिची पूर्ण किंमत मागायला मराठीत नागराज मंजुळे यावे लागले. ‘फँड्री’ २०१३ चा. कैकाडी कुटुंबातला जब्या गावभर मोकाट फिरणारी डुकरं पकडायच्या कामाला जुंपला जातो, आणि उभं गाव तमाशा बघावा तसं भिंतीवर बसून ते बघतं, हसतं, फोनवर टिपतं. डुक्कर हातातोंडाशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्याचा बाप, आई, बहिणी सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निवांत निघून जातं. राष्ट्र नावाच्या एकीत हे कुटुंब शिस्तीने उभं आहे; गाव नावाच्या एकीत त्याला जागा नाही. पुढे पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची, गाडगेबाबांची चित्रं सरकत जातात. आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे प्रेक्षकावर येतो. रुमाल काढायला वेळच मिळत नाही. डोकं खाली करावं लागतं.

इथे पुन्हा ‘मंथन’कडे यावं लागतं, कारण १९७६ साली बेनेगल आणि पटकथाकार विजय तेंडुलकर यांनी जात बाजूला ठेवली नव्हती. गावात दूध संस्था निघते, पण पहिली अडचण खासगी डेअरीवाल्यापेक्षा गावातूनच येते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दलितांचा माणूस सरपंचाला हरवतो. सरपंच डेअरीवाल्याशी हातमिळवणी करतो, झोपड्या जळतात, शहरातून आलेल्या डॉक्टर रावांवर बालंट येतं आणि त्यांची बदली होते. नायक चित्रपट संपायच्या आत आगगाडीत बसतो. राहतो तो भोला, नसीरुद्दीन शाहने केलेला दलित तरुण, सुरुवातीला या शहरी लोकांवर काडीचा विश्वास नसलेला. संस्था तो पुढे चालवायला घेतो. तारणहार निघून जातो आणि काम गावाच्या हाती उरतं, हा शेवट सहकारी चळवळीच्या पैशावर काढलेल्या चित्रपटात यावा, हे तेंडुलकरांचं धैर्य आणि चळवळीचे प्रणेते व्हर्गीस कुरियन यांचंही. प्रत्यक्षातल्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ एकाच रांगेत सगळ्या जातींच्या बायाबापे उभे राहतात आणि सगळ्यांचं दूध एकाच पिंपात जातं, हे कुरियन आवर्जून सांगत. रांगेने जात गेली नाही. पण रोज दोनदा ती मोडायचा सराव झाला.

चित्रपट एवढ्यावर थांबला नाही. त्याच्या १६ मिलिमीटरच्या प्रती काढून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्या देशभरच्या खेड्यांत फिरवल्या. प्रतीबरोबर एक पशुवैद्य, एक दूध तपासणारा, एक चाऱ्याचा जाणकार असे जात. आधी सिनेमा, मग चर्चा, मग संस्थेची नोंदणी. सिनेमाने काम केलं, पण एकट्याने नाही.

अशी उदाहरणं मोजकीच आहेत. केन लोच यांचं ‘कॅथी कम होम’ बीबीसीवरून १६ नोव्हेंबर १९६६ रोजी दाखवलं गेलं आणि सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते पाहिलं. बेघर झालेल्या तरुण जोडप्याची ती गोष्ट. शेवटी आईच्या कुशीतून मुलं काढून नेली जातात. पंधरा दिवसांनी ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी काम करणारी संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालली होती, पण लोकांचं मन चित्रपटाने तयार केलं होतं. ब्रिटनमधला बेघरांचा प्रश्न त्याने सुटला नाही, हे स्वतः लोचही सांगत आले आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरच्या मुलांना घेऊन मीरा नायर यांनी १९८८ मध्ये केलेल्या ‘सलाम बॉम्बे’च्या पैशातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि तो आजही काम करतो आहे. माज्जोरानीच्या बाबतीत जे झालं नाही, ते इथे थोडंफार झालं.

सध्या हे जुने चित्रपट पुन्हा झळकत आहेत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला ‘मंथन’ २०२४ मध्ये कानला दाखवला गेला आणि मग देशातल्या थिएटरांतही लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेनेगल गेले. ‘दो बिघा जमीन’ची नवी प्रत २०२५ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. बाकीचे चित्रपट फोनवर सापडतात. अडचण इथेच आहे. फोनवर ‘जागते रहो’ एकट्याने पाहता येतो, कानात बोंडं घालून, लोकलच्या गर्दीत. त्याच फोनवर पुढच्या मिनिटाला चोर आल्याची अफवाही येते. जो सिनेमा शेजाऱ्यांबद्दल बोलतो, तो शेजाऱ्याबरोबर पाहिला नाही तर त्याचं अर्धं काम राहतं.

मुंबई-पुण्यात एकेकाळी गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा ताणून सिनेमे दाखवत. लोक दोन्ही बाजूंना बसत. मागे बसलेल्यांना नायक डावखुरा दिसे आणि अक्षरं उलटी. चाळीतलं, बैठ्या घरांतलं, समोरच्या बंगल्यातलं माणूस एकाच सतरंजीवर बसे. आता मंडळांकडे एलईडीच्या भिंती आहेत, त्यांवर वर्षभर वाढदिवसांच्या शुभेच्छा चालतात. येत्या गणपतीत दहा रात्रींतली एक रात्र ‘जागते रहो’ला द्यावी. आवारात राहणाऱ्यांइतकंच इमारतीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, नाक्यावरच्या बिगाऱ्यांना आग्रहाने बोलवावं, त्यांना मागे उभं न ठेवता खुर्च्या द्याव्यात. वर्गणी मागायचीच असेल तर प्रत्येकी दोन रुपये मागावी, आणि पिण्याच्या पाण्याचं पिंप सगळ्यांसाठी एकच ठेवावं.